फुटबॉलमधला 'फ्री एजंट' आणि कमी जोखमीचा करार : क्लब पैसे कसे वाचवतो, खेळाडूने काय वाचावे

पुसद : फुटबॉलच्या बातम्यांत दरवर्षी एक वाक्य हमखास येतं, 'अमुक खेळाडू फ्री एजंट म्हणून अमुक क्लबमध्ये दाखल.' वाचणाऱ्याला वाटतं, खेळाडू फुकटात मिळाला. तसं नाही. त्याला पगार द्यावाच लागतो. फुकट असतं ते एवढंच, की त्याच्या आधीच्या क्लबला पैसे मोजावे लागत नाहीत. अशा खेळाडूशी क्लब जो करार करतो, तो बहुतेक वेळा 'कमी जोखमीचा' असतो. शब्द ऐकायला चांगला आहे. पण जोखीम कमी होते ती क्लबची. ती नाहीशी होत नाही, खेळाडूच्या अंगावर जाते.

पुसद, उमरखेड, महागाव, दिग्रस या भागातली पोरं पोलीस भरतीच्या तयारीसोबत फुटबॉल, कबड्डीही खेळतात. नागपूर, पुणे, मुंबईच्या ट्रायलचे मेसेज मोबाइलवर येत असतात. उद्या यातल्या एखाद्याच्या हातात कराराचा कागद पडला, तर त्यात काय पाहायचं, याची ही माहिती.

फ्री एजंट म्हणजे कोण?

ज्या व्यावसायिक खेळाडूचा क्लबशी असलेला करार संपला आहे, किंवा दोघांच्या संमतीने मोडला आहे, तो फ्री एजंट, म्हणजे मुक्त खेळाडू. करार चालू असलेला खेळाडू घ्यायचा असेल तर नव्या क्लबला जुन्या क्लबशी बोलावं लागतं आणि 'ट्रान्सफर फी' द्यावी लागते. मुक्त खेळाडूच्या बाबतीत ही रक्कम वाचते.

पूर्वी असं नव्हतं. युरोपात करार संपल्यावरही जुना क्लब खेळाडूला अडवून धरायचा. बेल्जियमचा जाँ-मार्क बोसमन हा खेळाडू यावरून कोर्टात गेला. लिएज क्लबने त्याला नव्या करारात आधीच्या चौथा हिस्सा पगार देऊ केला आणि फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचं म्हटलं तर तेही जमू दिलं नाही. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की युरोपीय संघातल्या खेळाडूचा करार संपल्यावर तिथल्याच दुसऱ्या देशातल्या क्लबमध्ये जाताना त्याच्यासाठी फी मागता येणार नाही. जगभर आज जो मुक्त खेळाडूंचा बाजार दिसतो, त्याची सुरुवात या निकालापासून झाली.

आता जागतिक फुटबॉल संघटना फिफाचे नियम सगळीकडे पाया धरले जातात. भारतात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ, त्याच चौकटीत आपले नियम करतो. त्यातल्या दोन गोष्टी मुक्त खेळाडूसाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, करार संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी काळ उरला असेल तर खेळाडू पुढच्या हंगामासाठी दुसऱ्या क्लबशी आधीच करार करू शकतो. दुसरी, नोंदणीची मुदत बंद व्हायच्या आधी ज्याचा करार संपला आहे, त्याची नोंदणी मुदत संपल्यानंतरही करण्याची सोय आहे.

या दुसऱ्या सोयीचा फायदा खेळाडूपेक्षा क्लबला जास्त होतो. बाकीचे सौदे उरकले, हंगाम तोंडावर आला, तरी मुक्त खेळाडू घरीच बसलेला असतो. दिवस जातात तसा त्याचा भाव उतरतो. कापूस घरात ठेवायला जागा नाही आणि हातात पैसा नाही, अशा शेतकऱ्याला व्यापारी जसा भाव सांगतो, तसाच हा प्रकार.

क्लबला भीती कशाची असते?

मुक्त खेळाडू मुक्त का झाला, हा प्रश्न क्लब आधी विचारतो. तो दुखापतीतून उठलेला असेल, वय तिशीच्या पुढे गेलं असेल, मागच्या क्लबमध्ये बाकावर बसून असेल, किंवा अगदी नवखा असेल. कधी खेळाडूत काहीच उणं नसतं, त्याचा जुना क्लबच बंद पडलेला असतो.

यात फुटबॉलचा एक नियम क्लबला जड जातो. फिफाच्या नियमाप्रमाणे करार झाला की तो मुदत संपेपर्यंत पाळायचा असतो. योग्य कारणाशिवाय तो कोणालाच एकतर्फी मोडता येत नाही. खेळाडू फॉर्ममध्ये नाही किंवा त्याचा गुडघा दुखावला, ही क्लबसाठी 'योग्य कारणं' धरली जात नाहीत. मधेच काढलं तर उरलेल्या मुदतीचा पगार धरून भरपाईचा हिशेब लागतो. त्यामुळे तीन वर्षांचा करार केला आणि खेळाडू सहा महिन्यांत बसला, तर क्लबला अडीच वर्षं भरत राहावं लागतं. ही जोखीम टाळायची म्हणून करार आधीपासूनच बारीक बांधला जातो.

विदर्भातल्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. पाडव्याला सालदार ठरतो तेव्हा सालाचा आकडा पक्का असतो. पाऊस येवो न येवो, ठरलेलं साल द्यावं लागतं. म्हणजे पिकाची जोखीम मालकावर. बटईत तसं नसतं. पीक आलं तर दोघांचं, बुडालं तर दोघांचं. फुटबॉल क्लबचा कमी जोखमीचा करार म्हणजे थोडं साल आणि थोडी बटई. पक्का पगार कमी ठेवायचा आणि उरलेला पैसा मैदानावरच्या कामगिरीला बांधायचा. बटईत बियाणं-खताचा खर्च कोणाचा हे आधी ठरवून घेतात. तसंच इथे दुखापतीचा खर्च कोणाचा, हे आधी ठरायला पाहिजे. बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

करारातल्या मुख्य अटी

१) छोटी मुदत. फिफाच्या नियमात कराराची कमीत कमी मुदत म्हणजे लागू झालेल्या तारखेपासून चालू हंगाम संपेपर्यंत, आणि जास्तीत जास्त पाच वर्षं. १८ वर्षांखालच्या खेळाडूचा करार तीन वर्षांपेक्षा मोठा करता येत नाही. मुक्त खेळाडूला बहुतेक वेळा एकच हंगाम मिळतो. जानेवारीत घेतलं तर चार-पाच महिनेच. क्लबची सगळ्यात मोठी बचत या एका ओळीत असते.

२) 'अधिक एक'चा पर्याय. बातमीत 'एक अधिक एक वर्षाचा करार' असं येतं. अर्थ असा, की एक वर्ष पक्कं आणि दुसरं पर्यायावर. पर्याय कोणाच्या हातात, हा खरा प्रश्न. क्लबच्या हातात असेल, तर खेळाडू चांगला खेळला की जुन्याच पगारात आणखी एक वर्ष अडकतो, आणि वाईट खेळला की रिकामा होतो. दोन्हीकडून क्लबचा फायदा. पर्याय खेळाडूच्या हातात असेल तर उलटं. दोघांच्या संमतीने असेल तर त्या ओळीला फारसा अर्थ नाही, कारण संमतीने नवा करार केव्हाही करता येतो. तिसरा प्रकार म्हणजे 'इतके सामने खेळला तर मुदत आपोआप वाढेल.' हा खेळाडूला त्यातल्या त्यात बरा, पण त्यातही एक मेख आहे. ती पुढे उदाहरणात येते.

३) कमी मूळ पगार, बाकी बोनस. सुरुवातीच्या अकरात उतरला तर इतके, बदली म्हणून आला तर इतके, गोल केला किंवा गोलरक्षकाने गोल होऊ दिला नाही तर इतके, संघ बाद फेरीत गेला तर इतके. बातमीत छापून येणारा मोठा आकडा बहुतेक वेळा सगळे बोनस मिळाले असं धरून काढलेला असतो. पक्का पगार त्याहून बराच कमी असू शकतो.

४) सहीची रक्कम. ट्रान्सफर फी वाचली म्हणून मोठे क्लब मुक्त खेळाडूला सहीच्या वेळी वेगळी रक्कम देतात. जाणकार खेळाडू इथेच आपला वाटा मागून घेतो. ही रक्कम एकदम मिळणार की हप्त्याने, आणि करार मधेच संपला तर उरलेले हप्ते मिळणार का, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

५) वैद्यकीय तपासणी. क्लब गुडघा, घोटा, हृदय सगळं तपासून घेतो. तो त्याचा हक्क आहे. पण तपासणी सहीच्या आधी व्हायला पाहिजे. 'मेडिकल पास झाल्यावरच करार लागू होईल' अशी अट फिफाच्या नियमात चालत नाही. सही झाली की करार झाला.

६) आधी सराव, मग सही. काही क्लब खेळाडूला दोन-चार आठवडे सरावाला बोलावतात आणि नंतर ठरवतात. क्लबच्या दृष्टीने याहून कमी जोखीम कशातच नाही. खेळाडूच्या दृष्टीने याहून जास्त जोखीम नाही, कारण या काळात पाय मोडला तर हातात करारच नसतो. राहणं, जेवण, प्रवास आणि उपचार कोणाकडे, हे निदान एका पत्रावर लिहून घेतलं पाहिजे.

७) दुखापतीची अट. दुखापत झाल्यावर किती महिने पूर्ण पगार, नंतर किती, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, विमा आहे का आणि किती रकमेचा. ज्या करारात याबद्दल एक ओळही नाही, तो करार अर्धाच आहे असं समजावं.

८) सोडण्याची अट. मोठ्या क्लबची मागणी आली तर ठराविक रकमेवर खेळाडूला जाऊ द्यायचं, असं कलम खेळाडू मागू शकतो. कमी पैशात सही करणाऱ्या नवख्या पोराने हे जरूर मागावं. पगार कमी असला तरी दार उघडं राहतं.

आकड्यात कसं दिसतं?

समजण्यापुरते दोन काल्पनिक करार पाहू. दोन्हींची मुदत दहा महिने.

पहिल्यात महिन्याला ८० हजार पक्के. वर्षाचे ८ लाख. खेळला तरी तेवढेच, बाकावर बसला तरी तेवढेच.

दुसऱ्यात महिन्याला ६० हजार पक्के, म्हणजे ६ लाख. त्यावर सुरुवातीच्या अकरात उतरलेल्या प्रत्येक सामन्याला १० हजार. शिवाय १५ सामने झाले की करार आपोआप एक वर्ष वाढेल.

खेळाडू २० सामने खेळला तर दुसऱ्या करारातही ८ लाखच होतात आणि वर मुदत वाढते. म्हणजे चांगल्या वर्षात दुसरा करार सरस. पण तिसऱ्याच सामन्यात गुडघा गेला, तर ६ लाख ३० हजार हातात येतात आणि पुढचं वर्ष नाही. १ लाख ७० हजारांचा हा फरक क्लबने वाचवला असं नाही, तर तेवढी जोखीम खेळाडूने उचलली.

आता ती मेख. खेळाडूचे १४ सामने झाले आणि हंगामाचे चार सामने उरले. क्लबला मुदत वाढवायची नाही. मग प्रशिक्षकाने त्याला बाकावर बसवलं तर? बदली म्हणून शेवटची वीस मिनिटं उतरवलं तर ते सामन्यात धरायचं की नाही? म्हणून 'सामना' म्हणजे काय, याची व्याख्या करारातच लागते. किती मिनिटं, कोणती स्पर्धा, बदली खेळाडू धरायचा का, हे तीन शब्द लिहून घेतले नाहीत तर नंतर सांगायला जागा राहत नाही.

अमेरिकेतल्या फुटबॉलचा धडा

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा. लांबट चेंडू, बहुतेक खेळ हाताने. पण कमी जोखमीच्या कराराची विद्या सगळ्यात जास्त तिथे वाढली, म्हणून ती समजून घ्यायला हरकत नाही. तिथल्या एनएफएल लीगमध्ये प्रत्येक संघाला पगाराची कमाल मर्यादा असते. २०२५ च्या हंगामाला ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. आणि जगाच्या फुटबॉलपेक्षा मोठा फरक म्हणजे तिथे कराराचा सगळा पैसा आपोआप पक्का नसतो. करारात जेवढी रक्कम 'गॅरंटीड' म्हणून लिहिली तेवढीच पक्की. बाकीच्या रकमेवर संघ खेळाडूला मधेच सोडू शकतो. म्हणून तिथे चार वर्षांचा मोठा करार ऐकला तरी जाणते लोक पहिला प्रश्न विचारतात, गॅरंटी किती?

बेकर मेफिल्ड या खेळाडूचं उदाहरण बोलकं आहे. २०१८ च्या निवडीत तो पहिल्या क्रमांकाने घेतला गेला होता. २०२२ च्या एकाच हंगामात तो दोन संघांकडून खेळला आणि त्याची किंमत पार उतरली. मार्च २०२३ मध्ये टॅम्पा बे संघाने त्याला एका वर्षासाठी घेतलं. मूळ रक्कम ४० लाख डॉलर, आणि कामगिरीच्या सगळ्या अटी पुऱ्या केल्या तर ८५ लाखांपर्यंत. संघाचं नुकसान झालं असतं तर तेवढंच. मेफिल्ड चांगला खेळला, संघ बाद फेरीत गेला, आणि मार्च २०२४ मध्ये त्याच संघाने त्याच्याशी तीन वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार केला.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. करार एकाच वर्षाचा होता म्हणून खेळाडूला वर्षभरात मोठा करार मागता आला. संघाकडे दुसऱ्या वर्षाचा पर्याय असता तर तो जुन्याच पैशात बांधला गेला असता. छोटी मुदत नेहमी वाईट नसते. छोटी मुदत आणि वर क्लबच्या हातातला पर्याय, ही जोडी वाईट.

कबड्डीत हेच, पण लिलावात

आपल्याकडच्या वाचकाला हा हिशेब कबड्डीतून लवकर कळतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा सिद्धार्थ देसाई २०१८ मध्ये यू मुम्बाकडून ३६ लाख ४० हजारांत प्रो कबड्डीत आला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना घेतलं. मग दुखापतीने गाठलं. २०२२ च्या लिलावात तोच खेळाडू त्याच संघाकडे २० लाखांत गेला. तो मैदानावर परतला आणि २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने त्याच्यासाठी १ कोटी मोजले. २०२२ चा २० लाखांचा सौदा हा संघासाठी कमी जोखमीचा सौदाच होता.

फरक असा, की कबड्डीत बोलीच्या आकड्यातच जोखीम धरली जाते. दुखापतीची शंका असली की बोली खाली येते. फुटबॉलमध्ये लिलाव नसतो, म्हणून जोखीम कलमांत लपते. आयएसएलमध्येही सुरुवातीला लिलाव आणि निवड पद्धत होती. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतलं होतं. २०१७ मध्ये मुंबईत शेवटची मोठी खेळाडू निवड झाली आणि त्यानंतर क्लब व खेळाडू थेट करार करू लागले. तेव्हापासून कागद वाचायची जबाबदारी खेळाडूवर आली.

क्लबच बुडाला तर?

करारात खेळाडूची जोखीम मोजली जाते, क्लबची कोणी मोजत नाही. महाराष्ट्राचा अनुभव मात्र ती मोजायला लावणारा आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला मुंबईचा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. आय-लीगमध्ये २०१२-१३ साली दुसरा आलेला पुणे एफसी २०१५ मध्ये थांबला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि संपला. २०१४ साली आयएसएलसाठी सुरू झालेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी आला. शेजारच्या गोव्यातही धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या जुन्या क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. प्रत्येक वेळी पंचवीस-तीस खेळाडू एकाच दिवशी बाजारात आले. एकदम माल आला की भाव पडतो, हे सांगायला नको.

हैदराबाद एफसीने २०२१-२२ चा आयएसएल करंडक जिंकला. दोन वर्षांच्या आत, २०२३-२४ च्या हंगामात, पगार थकल्याने त्याचे बरेच खेळाडू क्लब सोडून गेले. २०२५ मध्ये तर लीगच अडली. महासंघ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० पासूनचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता. पुढचं काही ठरेना, म्हणून जुलै २०२५ मध्ये हंगाम थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य संघाच्या खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं जाहीर केलं. सुनील छेत्रीसारखा खेळाडू ज्या क्लबमध्ये होता तिथे ही वेळ आली, तर छोट्या क्लबमधल्या नवख्या पोराचं काय, हा विचार करायला पाहिजे. म्हणून 'लीग झाली नाही किंवा लांबली तर पगाराचं काय' ही ओळ आता करारात मागून घ्यावी.

खेळाडूचे हक्क

पगार थकला तर खेळाडू हतबल नसतो. फिफाच्या नियमाप्रमाणे क्लबने दोन महिन्यांचा पगार देय तारखेला दिला नाही, तर खेळाडूने लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. त्या मुदतीतही पैसे आले नाहीत तर करार योग्य कारणाने मोडता येतो आणि खेळाडू मुक्त होतो. थकलेल्या पगारासोबत भरपाईही मागता येते. नोटीस मात्र लेखीच पाहिजे. फोनवर भांडून किंवा सरावाला जाणं बंद करून उपयोग नाही. तसं केलं तर उलट खेळाडूनेच करार मोडला असं होतं.

भारतात असे वाद महासंघाच्या खेळाडू दर्जा समितीपुढे जातात. खेळाडूंची संघटना, फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया, बायचुंग भुतियाच्या पुढाकाराने २००६ मध्ये स्थापन झाली. तिच्याकडूनही मदत मागता येते.

व्यावसायिक खेळाडू कोण, याची फिफाची व्याख्याही माहीत असावी. लेखी करार आहे आणि खेळण्यासाठी येणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, तो व्यावसायिक. तोंडी आश्वासनावर हंगाम खेळणारा कागदोपत्री हौशीच राहतो.

गावातल्या संघाचाही यात वाटा आहे

मुक्त खेळाडू अगदीच फुकट नसतो, याचं आणखी एक कारण आहे. खेळाडू पहिल्यांदा व्यावसायिक झाला, किंवा २३ वर्षांचा होईपर्यंत दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये गेला, तर ज्या क्लबांनी त्याला १२ ते २१ या वयात घडवलं त्यांना प्रशिक्षणाची भरपाई देण्याचा फिफाचा नियम आहे. पैसे मिळतात ते नोंद असलेल्या क्लबला. महासंघाच्या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत, म्हणजे सीआरएसमध्ये, खेळाडू कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता हे दिसलं पाहिजे. तालुक्यातल्या मंडळाने दहा वर्षं पोराला खेळवलं, पण मंडळ जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटना 'विफा'शी जोडलेलं नाही आणि पोराची नोंद नाही, तर मंडळाच्या पदरात काही पडत नाही. नोंदणीचं काम किचकट वाटलं तरी ते मंडळांनी करून ठेवावं.

सही करण्याआधी विचारायचे प्रश्न

• पक्का पगार किती आणि बोनस किती? महिन्याच्या कोणत्या तारखेला जमा होणार, बँक खात्यात की रोख?
• मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? दहा महिन्यांचा करार असेल तर उरलेल्या दोन महिन्यांचं काय?
• मुदत वाढवायचा पर्याय कोणाच्या हातात? वाढली तर पगार किती वाढणार?
• बोनससाठी 'सामना' कशाला म्हणायचं?
• दुखापत झाली तर पगार, शस्त्रक्रिया आणि विमा?
• लीग रद्द झाली, लांबली किंवा संघ खालच्या श्रेणीत गेला तर?
• राहणं, जेवण, घरी जायचं भाडं करारात आहे का, की पगारातून कापणार?
• करार मोडायचे अधिकार दोघांना सारखे आहेत का?
• सही झालेली प्रत खेळाडूला मिळणार का? करार महासंघाकडे नोंदवला जाणार का?
• मध्यस्थ कोण? त्याच्याकडे फिफाचा परवाना आहे का?

शेवटच्या प्रश्नाबद्दल थोडं सविस्तर. खेळाडूचा एजंट व्हायला फिफाची परीक्षा पास होऊन परवाना घ्यावा लागतो, आणि एजंटने खेळाडूशी केलेला करार दोन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा असू शकत नाही. एजंटची कमाई खेळाडूच्या पगारावरच्या टक्केवारीतून असते. 'ट्रायलसाठी आधी इतके हजार भरा, निवड पक्की' म्हणणारा माणूस एजंट नव्हे. ज्याला खेळाडू विकला गेल्यावर पैसे मिळणार, तो आधी पैसे मागत नाही.

वाचकांच्या मनात येणारे प्रश्न

मुलगा १७ वर्षांचा आहे, करार चालतो का?
भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतः करार करता येत नाही. आई-वडील किंवा पालकांची सही लागते. कागद इंग्रजीत असेल तर वकिलाकडून मराठीत समजून घ्यावा. त्यासाठी दोन दिवस मागितले म्हणून कोणताही चांगला क्लब संधी काढून घेत नाही.

व्यावसायिक करार असला की सरकारी नोकरीत खेळाडूंचं आरक्षण मिळतं का?
नाही. राज्यात खेळाडूंसाठी असलेलं ५ टक्के आरक्षण स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवर मिळतं आणि त्यांची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडे होते. यवतमाळ जिल्हा अमरावती विभागात येतो. क्लबचा करार हे त्याला पर्यायी कागदपत्र नाही. म्हणून शालेय आणि राज्य स्पर्धांची प्रमाणपत्रं सांभाळून ठेवावी.

कमी जोखमीचा करार घ्यावा की नाही?
दुखापतीतून उठलेल्या किंवा नाव नसलेल्या खेळाडूला बऱ्याचदा तोच पहिला दरवाजा असतो. घ्यायला हरकत नाही. पण त्यात तीन गोष्टी पक्क्या असाव्यात : घर चालेल एवढा मूळ पगार, दुखापतीत उपचाराची लेखी हमी, आणि हंगाम संपल्यावर मोकळं होण्याची सोय. या तीनपैकी एकही नसेल तर क्लब सगळी जोखीम खेळाडूच्या पायावर टाकतो आहे, असं समजून दुसऱ्या क्लबशी बोलावं. आणि करार मिळाला तरी शिक्षण सोडू नये. बारावी, पदवीची परीक्षा बाहेरून देता येते, पण गुडघा गेल्यावर हंगाम पुन्हा देता येत नाही.